वरचा ठसा

पोलंडच्या वोलिन बेटावर ऑगस्टातल्या जत्रेत थोडे दिवस दहावं शतक असतं. श्चेचिन शहरातले हिशेबनीस दाढ्या वाढवून येतात, दंतवैद्य चिलखतं चढवतात, आणि नदीकाठी एकमेकांना ढालींनी रेटून दमले की सबिनाच्या पालासमोर चरबी लावलेला पाव आणि खारवलेली काकडी खायला रांग लावतात. या शतकात मोबाईल काढणं असभ्य समजतात, म्हणून सगळे तो अंगरख्याच्या आत धरून बघतात.

सबिनाच्या शेजारचं पाल झेनोनचं. तो नाणी पाडतो. ओकच्या ओंडक्यात खालचा ठसा रोवलेला असतो, त्याच्यावर क्रूस कोरलेला. त्यावर धातूची चकती ठेवायची, चकतीवर वरचा ठसा उभा धरायचा आणि हातोड्याचा एक घाव घालायचा. घाव गिऱ्हाईक घालतं, ठसा झेनोन धरतो. त्याच्या डाव्या हाताची दोन नखं कायमची काळी आहेत. ती बघून लोकांना दहाव्या शतकाबद्दल जास्त खात्री वाटते.

वरच्या ठशावर राजा आहे. जुन्या नाण्यांवरचे राजे म्हणजे एक डोळा, एक नाक आणि बाकीचा आपला आदर. या राजाच्या कानामागे एक बारीक टिंब आहे. नाणं नकली असल्याची ती खूण, म्हणजे उद्या कुणी ते शेतात सापडलं म्हणून विकू नये. या धंद्यातले सगळेच अशी खूण ठेवतात. अख्ख्या नाण्यावर खरं बोलणारी जागा तेवढीच.

दोन्ही ठसे किंगाने कोरले. किंगा झेनोनची बायको. राजाचं नाक तिने कुठून आणलं हे झेनोनकडे बघून कुणालाही कळायचं, पण झेनोन ते मान्य करायचा नाही. ठसा मऊ पोलादावर कोरायचा आणि मग तो कडक व्हावा म्हणून त्याला पाणी पाजायचं. नावाला पाणी, असतं तेल. लालबुंद ठसा तेलात बुडवायचा, मग पुन्हा मंद आचेवर धरायचा आणि त्याच्यावर वाळल्या गवताचा रंग चढला की त्याच क्षणी काढायचा. किंगाला तो क्षण कळायचा. झेनोनला कळायचा तो त्याच्या नंतरचा.

मग किंगा नॉर्वेला गेली. दोन हिवाळे मासे साफ करायचे, घराचं छप्पर करायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. छप्पर झालं. किंगाला तिकडे एका चांदीकाराकडे काम लागलं, आणि हिवाळे मोजायचं दोघांनीही सोडून दिलं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. निघताना बसच्या पायरीवरून ती म्हणाली होती, "वरचा फुटला की कळव. नवा कोरायला येईन."

हे बोलणं मोघम नव्हतं. खालच्या ठशाला ओंडक्याचा आधार असतो, मार खातो तो वरचा. चेक देशातून येणाऱ्या नाणी पाडणाऱ्यांचा वरचा ठसा एक उन्हाळा टिकला तरी ते खुश असतात. झेनोन पहिल्या उन्हाळ्यापासून वाट बघत होता.

किंगाचा ठसा फुटेना.

मुद्दाम फोडणं त्याला पटत नव्हतं. पण गिऱ्हाइकं निवडायला कुणाची ना नव्हती. रांगेत एखादा रेड्यासारख्या मानेचा माणूस दिसला की झेनोन त्याला पुढे बोलवायचा. "या, राजे! घाला घाव. भिऊ नका, जोरात!" माणूस अंगातलं सगळं बळ काढायचा. झेनोन ठसा उचलून उन्हात धरायचा. राजा नाक वर करून तसाच. डिसेंबरात झेनोनच्या नामदिवसाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, किंगाचा फोन यायचा.

"ठसा कसा आहे?"

"ठणठणीत."

"बरं."

इतकंच. दरवर्षी आपल्याच हातच्या कामाची तारीफ ऐकून ती फोन ठेवायची.

गेल्या ऑगस्टात एका जर्मन सुताराने घाव घातला आणि झेनोनला नाण्यावर केस दिसला. त्याने तो अंगठ्याने पुसला. केस जाईना. राजाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक उंच रेघ उठली होती. ठशाला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर अशी रेघ येते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं, आणि झेनोनने ते घाईघाईने टोपलीत लपवलं.

ठसा शाबूत होता तोवर ती येत नव्हती कारण ठसा शाबूत होता. या कारणाबरोबर माणूस राहू शकतो. आता कळवलं, आणि ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून तरी करून घे," तर?

तडा वाढू नये म्हणून त्याने ठशाला लोखंडाचं कडं चढवलं आणि कुणाला काही बोलला नाही. फक्त रांगेतून आता म्हाताऱ्या बायकांना पुढे बोलवायला लागला. "हळू, आजी. टेकवलात तरी पुरे."

दुसऱ्या दिवशी सबिना सुरी पुसत पालात आली. "काय रे, टांकसाळीचे धनी! आधी पैलवान लागायचे तुला, आता आज्या?"

"आज्यांचाही हक्क आहे."

"दाखव ठसा."

"जा, तुझा पाव करपतोय."

"पाव मी घरून आणते, तुला माहीत आहे." तिने टोपलीतून एक नाणं उचललं आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "सांगितलंस तिला?"

"सांगेन."

"सांगशील तू! तुझा राजा धातूचा आहे म्हणून, नाहीतर लाजेने लाल झालेला दिसला असता." नाणं तिने कमरेच्या थैलीत टाकलं. झेनोनला वाटलं, आठवण म्हणून घेतलं.

डिसेंबरात फोन आला.

"ठसा कसा आहे?"

"ठणठणीत," झेनोन म्हणाला.

"नाकसुद्धा?"

"नाकसुद्धा."

"बरं."

मे महिन्यात नॉर्वेहून एक पार्सल आलं. लहान आणि जड. टपालवाला म्हणाला, "दगड पाठवतात का तिकडून?" आत तेलकट फडक्यात गुंडाळलेला वरचा ठसा. चिठ्ठी नव्हती. सबिनाने ते नाणं नॉर्वेला पाठवलं होतं हे झेनोनला तेव्हा कळलं. झेनोनचे फोटोही ती पाठवत असावी, कारण राजाचे केस मागे हटले होते आणि त्याला दुसरी हनुवटी फुटली होती. कानामागचं टिंब जागच्या जागी.

म्हणजे ठसा आला आणि ती आली नाही. झेनोन ओंडक्यावर बसला. मग नवा ठसा बघताना नाणी पाडणारे करतात तेच त्याने सवयीने केलं. ठशाच्या मागच्या कडेवर कानस ओढून पाहिली.

कानस लागली. लोण्यात सुरी जावी तशी.

तो ठसा घेऊन तसाच सबिनाच्या घरी गेला. ती बरणीत काकड्या भरत होती.

"मऊ आहे," तो म्हणाला. "पाणीच पाजलेलं नाही."

"विसरली असेल."

"किंगा?"

"मग नॉर्वेत आग नसेल."

"चांदीकाराकडे काम करते ती."

"मग माझ्या काकड्यांपाशी काय उभा राहिलायस? फोन कर!"

झेनोनने स्वतःहून किंगाला फोन केला तो हा पहिलाच.

"वरचा फुटलाय," तो म्हणाला. "ऑगस्टातच फुटला होता. मी खोटं बोललो."

"बघितलं मी."

"नवा मऊ आहे."

"हो."

"पाणी पाजायला मला जमत नाही, किंगा. तुला माहीत आहे. मी जाळून टाकीन."

फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. ती बाहेर कुठेतरी उभी होती.

"तेल कुठलं आहे घरात?"

"जवसाचं. तेच, तुझं."

"बदललं नाहीस?"

"नाही."

"बदलू नकोस," ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

या ऑगस्टात झेनोनने पाल लावलं तेव्हा मागे भट्टीही रचली. कोळसा भरला, पेटवला नाही. जवसाचं तेल झाकून ठेवलं. ओंडक्यात खालचा ठसा क्रूस वर करून बसला होता, आणि वरचा फडक्यात होता. लोक यायचे, ओंडक्याकडे बघायचे.

"नाणी नाहीत का यंदा?"

"वरचा ठसा कच्चा आहे अजून."

"कधी होईल?"

"पाणी पाजणारं माणूस यायचंय."

"आज येणार का?"

झेनोन बेटावर येणाऱ्या पुलाकडे बघत नसे. त्याची पाठ पुलाकडे होती. बघायचं काम सबिनाने घेतलं होतं. पाव कापता कापता ती मान उंच करायची, आणि ती परत खाली वाकली की झेनोन भट्टीतले कोळसे उगाच पुन्हा रचायचा.