आधी पाडून दाखवा

बातमी छापून आली की ती माझी राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणीतरी भजी खातो. जे छापता येत नाही ते मात्र जन्मभर चिकटून बसतं. माझ्याकडे असा ऐवज बराच साचलाय, आणि त्यातला निम्मा तरी मोटारसायकलींनी दिलेला आहे.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पडेगावच्या पुढे एका टपरीवर जमतो आणि तिथून डोंगरात घुसतो. रस्त्याने नाही, रस्ता सोडून! आमच्या गाड्यांना एन्ड्युरो म्हणतात. उंच, सडपातळ, दगडधोंडे आणि नाले तुडवायला केलेल्या. सलीमभाईंचं गॅरेज आहे आणि आवाज गॅरेजपेक्षा मोठा आहे. सिद्धार्थ कांबळे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विलास पाटील मूळचा गंगापूरकडचा, घरची शेती, स्वतः वाळूजला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला. चौथा मी. या वयात हे उद्योग कशाला, असं कुणी विचारलं तर मी भांडतो. तसा मी एरवीही भांडतोच.

सध्या आमच्या रांगेत एक पांढरी गाडी सगळ्यात पुढे असते. ती विलासची. ती निवडताना जे रामायण झालं ते सांगतो.

*

आमच्यात एक रिवाज आहे. कुणी पडलं की आधी गाडी उचलायची, मग माणूस. कारण आडव्या गाडीतून पेट्रोल सांडतं, माणसातून सहसा काही सांडत नाही.

एका शनिवारी विलास एकटाच दौलताबादच्या मागे गेला आणि नाल्यात पडला. गाडी डाव्या पायावर. उचलता येईना. दुपारी एक शेळ्या वळणारा आला तेव्हा सुटका झाली. मांडीत रॉड घातला.

आम्ही दवाखान्यात पोचलो. कॉरिडॉरमध्ये विलासची बायको, मंगलवहिनी, भिंतीला टेकून उभ्या होत्या. सलीमभाई धापा टाकत आले आणि सवयीने विचारून बसले, "गाडी कशी आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"गाडी शुद्धीवर आहे, भाऊजी. हे अजून नाहीत."

*

विलास चालायला लागला, पण डावा गुडघा पुरता वाकेना. जुन्या गाडीचा पुढचा भाग वाकलेला, ती घराच्या मागच्या अंगणात कव्हरखाली पडून. आम्हाला वाटलं, संपलं. सिद्धार्थने तर त्याला बुद्धिबळाचा पट भेट दिला!

विलास पट उघडेना. रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून डोंगराच्या दिशेला तोंड करून बसायचा. जेवण निम्म्यावर आलं. कारखान्यातून घरी आला की गप्प. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "नवी गाडी घ्या. पण कोणती ते मी सांगीन. तोवर कुणी ॲडव्हान्स द्यायचा नाय."

ज्या बाईने आयुष्यात गाडीची किल्ली फिरवलेली नाही, ती आता ब्रँड ठरवणार! आम्ही तिघंही वहिनींच्या मागे लागलो. सिद्धार्थने सोफ्यावर बसून रिसेल व्हॅल्यूवर व्याख्यान दिलं. कोणत्या ब्रँडची किंमत किती सावकाश उतरते वगैरे. वहिनींनी ते पूर्ण ऐकून घेतलं, जे त्याचे विद्यार्थीही करत नाहीत.

मग म्हणाल्या, "सर, आपल्याला गाडी घ्यायची आहे का विकायची आहे?"

*

टपरीवर रोज वाद. सलीमभाई नारिंगी गाडीवर फिदा. "अरे इंजिन देखो इंजिन! नारिंगीशिवाय तरणोपाय नाही!" सिद्धार्थचा जीव हिरवीवर. "हिरवीसारखं सस्पेन्शन कुणाकडंच नाही, सलीमभाई." विलासला निळी हवी होती. "माझं मत निळीलाच. सीट खाली आहे, पाय टेकतो."

बाजूच्या बाकावर एक पांढऱ्या कपड्यातला कार्यकर्ता बराच वेळ चहा गार करत बसला होता. कुठल्या पक्षाचा ते विचारू नका, तेव्हा तो स्वतःही नक्की सांगू शकला नसता. सलीमभाई नारिंगीसाठी टेबल बडवतायत, कांबळे सर हिरवीसाठी, आणि गंगापूरकडचा पाटील निळीसाठी!

शेवटी त्याला राहवेना. बाकावरून उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आपल्या वॉर्डात हे कधी ठरलं? आम्हाला वरून काहीच निरोप नाही!"

*

शोरूम हा रणांगणाचा माझा आवडता प्रकार. पहिल्या शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण "लाइफस्टाइल", "पॅशन", "फ्रीडम" असं बोलत राहिला. मी विचारलं, "ही दगडातून कशी जाते ते सांगा." तो म्हणाला, "सर, युरोपात टेस्ट केलीय."

"आम्ही युरोपात राहत नाही. टेस्ट राइड द्या."

"देतो ना सर. पण फक्त रोडवर. ऑफ-रोड अलाउड नाही."

डोंगरात जायची गाडी, आणि डोंगर बघायची परवानगी नाही! पोहण्याचा पोशाख कोरडाच घालून बघा म्हणण्यासारखं झालं हे. मी आवाज चढवला, मॅनेजर आला, मी ग्राहकहक्कांवर बोललो, पाणी आलं, मी तेही प्यालो. शेवटी ठरलं, फक्त रोडवर.

गाडी बाहेर काढली. समोरचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरलेला. एका बाजूला खडीचा ढीग, दुसऱ्या बाजूला माणूसभर चर, मध्ये साचलेलं पाणी. कधीपासून उकरलाय, का बुजवत नाहीत, यावर मी स्वतः तीन वेळा लिहिलंय. काडीचा फरक पडलेला नाही.

सलीमभाईंनी हेल्मेट चढवलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्या पोराला विचारलं,

"बेटा, रोडवरच चालवतो. पण रोड किधर है?"

*

विलासला आयुष्यभर एकच काम. समोर आलेला पार्ट डोळ्यांनी, बोटांनी, गेजने तपासायचा. चांगला असेल तर पुढे, नसेल तर लाल टॅग. तो भाजीवालीकडे दोडकीसुद्धा बोटं फिरवून घेतो.

दुसऱ्या शोरूममध्ये तो काठी टेकत गाडीभोवती फिरला. गुडघा वाकत नाही म्हणून मोबाइलचा कॅमेरा गाडीखाली धरला. टाकीवर नखाएवढा ओरखडा सापडला. मग आम्ही चहाला बाहेर गेलो.

परत आलो तर शोरूममध्ये गोंधळ. एक गिऱ्हाईक तावातावाने मॅनेजरला विचारत होतं, "मला रिजेक्टेड माल दाखवता व्हय?" गाडीच्या हँडलला लाल टॅग लटकत होता. त्यावर विलासच्या वळणदार अक्षरात: 'नापास. सरफेस डिफेक्ट. लाइनवरून काढा.'

विलासचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून आणखी चार टॅग निघाले.

"सवयीनं लावला गेला," तो पुटपुटला.

सलीमभाई वैतागले. "अरे, जी गाडी तू दगडावर आपटणार, तिच्या पेंटचा ओरखडा बघतो तू?"

विलास गंभीरपणे म्हणाला, "माझा ओरखडा मी पाडीन ना. त्यांनी का पाडावा?"

*

ओरखड्यावरून आठवलं. जुनीचं काय येईल ते बघायला सलीमभाई एकदा विलासच्या घरी गेले. मागच्या अंगणात जाऊन कव्हर काढलं, आणि तिथून सरळ मला फोन. "रिपोर्टरसाब, फौरन या. कांड झालं आहे."

मी आणि सिद्धार्थ पोचलो. गाडीच्या दोन्ही अंगांना ताजे ओरखडे होते. अपघाताचे नव्हेत, ते गंजले होते. हे चकाकत होते. हँडलच्या टोकाला ओली माती. खाली जमिनीत खळगे पडलेले.

आमचा निष्कर्ष एकच. विलास चोरून गाडी चालवायला बघतोय आणि पडतोय! आम्ही त्याला अंगणात उभं केलं आणि मी पत्रकार परिषदेत मंत्र्याला घेतो तसं फैलावर घेतलं.

"आईची आन," विलास म्हणाला, "मी कव्हरला हातबी लावला नाय. बघवत नाय मला तिच्याकडं."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "काय झालं, भाऊजी?"

सलीमभाईंनी घाईघाईने कव्हर ओढलं. एरवी एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण वहिनींसमोर दवाखान्यापासून जरा दबूनच असतो. "काही नाही वहिनी. मांजर असेल."

"व्हय," वहिनी कप पुढे करत म्हणाल्या. "मांजरं लई झालीत कॉलनीत."

*

आणि मग एक दिवस वहिनी स्वतः शोरूममध्ये आल्या. ब्रोशर बाजूला सारलं. इंजिन, सस्पेन्शन, मायलेज, काही विचारलं नाही.

"ही पाडा," म्हणाल्या.

"मॅडम?"

"आडवी पाडा इथं. मग ह्यांना एकट्यानं उचलू द्या."

"मॅडम, ही सहसा पडत नाही."

"मग आधी पाडून दाखवा."

नारिंगी शोरूमने आम्हाला नम्रपणे बाहेर काढलं, हिरवीने कमी नम्रपणे. निळीच्या मॅनेजरने हेड ऑफिसला मेल टाकतो म्हणून सांगितलं. मी प्रत्येक ठिकाणी भांडलो, हे वेगळं सांगायला नको.

चौथं दुकान एका नव्याच ब्रँडचं. नाव आमच्यापैकी कुणी धड ऐकलेलं नाही. "पार्ट मिळायचे नाहीत, भाऊ," सलीमभाईंनी आधीच निकाल दिला. पण मालक गल्ल्यावरून उठून आला, वहिनींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इथं फरशी आहे ताई, फरशीवर घसरेल. रविवारी डोंगरावर आणतो. हवं तेवढ्या वेळा पाडा."

परतताना मी वहिनींना विचारलं, हे पाडण्याचं काय डोक्यात घेतलंय तुम्ही?

"त्या दिवशी फोन खिशात होता ह्यांच्या. पण तो खिसा गाडीखाली. वाजत होता, भाऊजी. मीच लावत होते. ह्यांना ऐकू येत होता." मग म्हणाल्या, "पडू नका असं सांगून उपयोग नाय. पडणारच. मला एवढंच बघायचंय की उठतात का."

 

*

रविवारी मालकाने पिकअपमधून पांढरी गाडी उतरवली. पडेगावच्या मागचा तो चढ, जिथे आम्ही सगळेच कधी ना कधी लोळलोय. वहिनी पर्स खांद्याला लावून एका दगडाजवळ उभ्या.

विलासने गाडी उजवीकडे आडवी केली, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ओढून उभी केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मालक हसला.

"आता डावीकडं," वहिनी म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. नाल्यातही ती डावीकडेच पडली होती. शिवाय इथे डावीकडे उतार.

विलासने पाडली. वाकला. गुडघा वाकेना, पाठच वाकली. गाडी वीतभर उठली आणि धपकन खाली. पुन्हा. पुन्हा खाली. सलीमभाई रिवाजाप्रमाणे गाडीकडे धावले.

"भाऊजी, तिथंच थांबा. कुणी हात लावायचा नाय."

विलास दगडावर बसला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. चेहरा घामाने आणि कशाने तरी ओला. "नाय जमत, मंगल. राहू दे. घरी चल."

सिद्धार्थ बुटाने माती उकरत राहिला.

वहिनींनी पर्स माझ्या हातात दिली. ओढणी कमरेला बांधली. गाडीजवळ गेल्या आणि तिच्याकडे पाठ केली. पाठ सीटला टेकवून खाली बसल्या. डावा पाय सरळ पुढे, काठीसारखा ताठ, गुडघ्यात जरासुद्धा न वाकवता. एक हात मागे हँडलला, दुसरा सीटखालच्या दांडीला. उजव्या टाचेने जमीन रेटत, एकेक पाऊल मागे सरकत त्या उठल्या, आणि त्यांच्याबरोबर अख्खी गाडी उठली.

स्टँड लावला. हात झटकले. मालकाकडे वळून म्हणाल्या,

"जुनीपेक्षा हलकी आहे."

सलीमभाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच कुजबुज ऐकली.

"रिपोर्टरसाब... मांजर!"

वहिनींनी स्टँड काढला, गाडी पुन्हा डावीकडे आडवी पाडली, माझ्या हातातली पर्स घेतली आणि विलाससमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उठा. आता तुम्ही."