कालवणात गेलेली ओळ

मी भित्रा होतो, हे आधीच सांगून टाकतो. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, आणि त्यातल्याच एका हवालदाराच्या पोटी मी जन्मलो. कुत्रं भुंकलं तरी वाट बदलणारा. मला झाडापाल्याची आवड, म्हणून सांगलीला बी.एस्सी.ला नाव घातलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पेन्शनीत येऊन ऊस बघत होते. मला एस.टी.त बसवताना ते एवढंच बोलले, "नापास झालास तर सरळ भरतीला जायाचं." युद्ध होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. गावातले दोघं त्यातून परत आले नव्हते. तेव्हा पास होणं हा माझ्यासाठी अभ्यासाचा नव्हे, जिवाचा प्रश्न होता.

वनस्पतिशास्त्राची मला धास्ती नव्हती. पण पहिल्या वर्षाला सायन्सच्या सगळ्याच पोरांना गणित सक्तीचं, आणि तेही इंग्रजीतून. सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर डेल्टा एक्स, म्हणजे एक्समधला बारीकसा फरक, लिहिला आणि तो शून्याकडे जातो म्हणून सांगितलं. कुठून जातो, कशाला जातो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या भागातल्या सात पोरांत मिळून गणिताची एक वही होती. गावाकडचा एक थोरला पोरगा पास होऊन गेला तेव्हा ती आम्हाला देऊन गेला होता. आम्ही ती पाळीपाळीनं पाठ करायचो, शाळेत कविता केल्या तशी. एकदा आमच्यातला एकजण तापानं गावी अडकला आणि वही त्याच्याकडे. त्याच्या आईनं ती डब्याच्या पिशवीत घालून सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. वाटेत कालवण सांडलं. शाईच्या पेनानं लिहिलेली एक ओळ धुऊन गेली आणि तिथं हळदीचा डाग राहिला. आम्ही वरची ओळ पाठ केली, खालची ओळ पाठ केली. मधलं काही गेलंय असं कुणाला वाटलंही नाही. गणितात तशाही वस्तू मधेच गडप होत होत्या.

चाचणीत नेमकं तेच आलं. एक्सच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह मूळ व्याख्येवरून काढा. सातही जणांनी घडाघडा लिहिला.

चार दिवसांनी शिपाई आम्हाला बोलवायला आला. सरांच्या टेबलावर सात पेपर ओळीनं मांडलेले. सातही जणांची एकच ओळ गाळलेली होती. ही कॉपी आहे, सर शांतपणे म्हणाले, आणि हे प्राचार्यांकडे गेलं तर वार्षिक परीक्षेला बसायचं विसरा. माझी पाचावर धारण बसली. भरतीच्या मैदानावर उघड्या अंगानं छाती मोजून घेणारा मी मला दिसायला लागलो. बाकीचे सहा जण फरशी बघत होते, आणि वही माझ्या पिशवीत होती. दाखवली तर पोपटपंची उघडी पडणार, नाही दाखवली तर चोर ठरणार. मी ती काढून पुढं ठेवली.

सरांनी डाग बघितला, वही नाकाशी नेली आणि टेबलावर ठेवली. पाठांतर म्हणजे कॉपी नव्हे, हे त्यांनी कबूल केलं. पण तुम्ही पाठच केलं होतं हे खरं कशावरून, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे खडू धरला. डागाखाली काय होतं आणि का होतं, एवढं सांगितलं तर सातही पेपर फाडून टाकतो म्हणाले.

मी वरची ओळ लिहिली आणि खडू मोडला. मागं सहा जणांचे श्वास ऐकू येत होते.

"डेल्टा एक्स शेवटी शून्याकडेच न्यायचा आहे ना?" सरांनी विचारलं. "मग आधीच शून्य का नाही धरत?"

भीतीनं डोक्यातलं सगळं इंग्रजी पळालं होतं. उरलं होतं ते घरचं. कारखान्याच्या दारात रांगेत थांबलेली आमची उसाची गाडी, आणि उन्हाकडे बघत चरफडणारे आबा.

"सर, तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजनाला घटतोय," मी म्हणालो. "तासात किती घटला ते बघायचं, मग पाच मिनिटांत किती, मग एका मिनिटात. येळ लय कमी केला तरी घटीला येळेनं भागता येतंय. पण येळ आधीच शून्य धरला तर घट बी शून्य. मग भागायचं काय?"

बोलता बोलता माझं मलाच कळलं की आधी भागायचं असतं, आणि मग शून्याकडे न्यायचं. मी दोन्ही बाजूंना डेल्टा एक्सनं भागलं. गेलेली ओळ फळ्यावर आली.

ही ओळ आधी वहीत लिही, सरांनी बजावलं, आणि पेपर फाडले.

शनिवारी वही घेऊन घरी गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. ते हसतील किंवा शिव्या घालतील, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"सुभेदारीसाठी नकाशाच्या गणिताची परीक्षा हुती," ते म्हणाले. "दोन डाव नाव घातलं माझं. दोनी डाव आजारी हाय म्हणून सांगितलं. गोळीला भ्यालो न्हाई रं, त्या कागदाला भ्यालो."

मी खाली बघितलं. आबांनाही कशाची तरी भीती वाटू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भरतीचं काय, असं मी हळूच विचारलं.

"तुला कोन घेतंय तितं," ते म्हणाले.

मग त्यांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि हळदीच्या डागावर बोट ठेवलं.

"हितं काय हाय, ते मला सांग."