सुधीरच्या बोर्डाची धार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. बाई पश्चात्तापाने पोळून लिहायला बसली असंही समजू नका. मला एका वाक्याचं वाईट वाटतं. एकाच. बाकीच्याची मला आजही लाज वाटत नाही, आणि वाटायला हवी असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

सुधीर माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते, तुम्ही म्हणते. इथे एकेरीत लिहिणार आहे. जे केलं ते त्याला अहो म्हणतच केलं होतं, निदान लिहिताना तरी तो पदर नको.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अबूधाबीत राहायचो. सुधीर तिथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत इरेक्शन इंजिनिअर होता — म्हणजे यार्डात कापलेलं-जोडलेलं लोखंड साइटवर नेऊन उभं करायचं. बाकीचे इंजिनिअर खालून हातवारे करत. हा स्वतः वर चढायचा, उघड्या बीमवर उभा राहून खालच्यांना हाका मारायचा. कंपनीने एका हिवाळ्यात त्याला ट्रेनिंगसाठी ऑस्ट्रियाला पाठवलं. येताना लोक चॉकलेटं आणतात. याने बर्फावरचा बोर्ड आणला.

तोही साधासुधा नाही. पोरंसोरं उड्या मारतात तो रुंद, लवचिक बोर्ड वेगळा. हा अरुंद, लांब, ताठ — कार्व्हिंगचा. त्याला बूटही कडक, प्लास्टिकचे, नडगीपर्यंत येणारे. दोन्ही पावलं जवळजवळ समोर रोखून उभं राहायचं आणि वळताना सगळं अंग बर्फाकडे झुकवायचं. बोर्ड आडवा होतो, त्याची पोलादी कड बर्फात रुतते, आणि मागे एक बारीक रेघ उमटते — पेन्सिलीने ओढावी तशी. घसरत, खरवडत वळणं म्हणजे वळणं नव्हेच, असं सुधीर सांगायचा. रेघ उमटली तर वळलात. नाहीतर नुसते खाली आलात.

पण अबूधाबीत बर्फ कुठला? बोर्ड वर्षानुवर्षं कपाटामागे उभा राहिला. एकदा वाळूच्या टेकडीवर नेऊन पाहिला, तर वाळूने कडा खाल्ल्या आणि सुधीर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग दुबईत एका मॉलमध्ये छताखाली बर्फाचा उतार झाला. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत लोक टोप्या घालून! आम्ही दर शुक्रवारी पहाटे निघायचो, मी, सुधीर आणि आमची ऋचा, उतार उघडायच्या आधी दारात हजर.

सुधीर सुंदर चालवायचा. हे मी कबूल करते, आणि यात काहीही वाढवून सांगत नाही. लोक खुर्च्यांच्या लिफ्टमधून वळून बघायचे. तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याचीच चर्चा. मी आणि ऋचा भाड्याच्या मऊ बोर्डांवर धडपडायचो, आणि घरी आल्यावर त्याच्या बोर्डाची निगा — ती माझ्याकडे. कशी आली माझ्याकडे? शर्टांची इस्त्री जशी आली तशीच. त्याने एकदा दाखवलं आणि काम माझं झालं.

ते काम मला आवडायला लागलं, हेही सांगते. आधी कडा कोरड्या पुसायच्या, नाहीतर आखाती दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. मग बारीक कानस, एकाच दिशेने, एकाच कोनात. कोन ढळला की धार गेली. मग छोट्या दगडाने कडेची कुसं काढायची. नख ओढून बघायचं — नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. शेवटी जुन्या इस्त्रीने मेण वितळवून तळाला पाजायचं, थंड झालं की खरवडायचं, ब्रशने चकचकीत करायचं. बाल्कनीत बसून करायचे मी. सुधीरने एकदाही नख ओढून पाहिलं नाही. चमक दिसली की उचलायचा.

एका शुक्रवारी त्याची पाठ धरली होती. मी म्हटलं, आज मी चालवते तुमचा. तो हसला, बूट दिले. माझी पावलं लहानपणापासून मोठी, वहाणा मिळायच्या नाहीत म्हणून आईने किती तोंड वाकडं केलेलं. त्याचे बूट मला जाड मोजे घालून बसले. वर गेले. पहिल्या वळणाला पडले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला झुकले आणि कड धरली गेली.

कसं सांगू? आयुष्यभर मी लोकांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून चालत आले. आणि इथे जितकी जास्त कललीस तितकी घट्ट धरेन, असं म्हणणारं काहीतरी पायाखाली होतं. खाली आले, मागे वळून पाहिलं. एक रेघ होती. माझी.

सुधीरनेही पाहिली. त्याचं हसू गेलं होतं. म्हणाला, पुरे, पाय मोडून घेशील. त्यानंतर मी मागितला की तो म्हणायचा — बोर्ड ताठ आहे, तुला नाही झेपायचं. मंडळात गंमत म्हणून सांगायचा की शुभा त्यावर उभी राहिली हेच खूप. मी दुसरा शोधला, सगळ्या दुकानांत विचारलं. तसला बोर्ड तिकडे कुणी विकतच नव्हतं. तो एकच होता, आणि तो सुधीरचा होता. मी मात्र त्याला दर आठवड्याला धार लावत होते.

आता तुम्हाला अंदाज आला असेल. आला ना?

होय. मी धार काढून घ्यायला लागले. एकदम नाही — एकदम केली असती तर कळलं असतं. कानस मारून झाली की तोच छोटा दगड तिरका धरून कडेवरून फिरवायचे, मागच्या पायाखाली जरा जास्त. कड आरशासारखी चमकायची आणि नखावरून लोण्यासारखी घसरायची. आतला बर्फ कडक असतो. बोथट कड त्यात रुतत नाही, ऐन वळणात बोर्ड बाजूला निसटतो. सुधीरचा निसटायला लागला. आधी थोडा. पुढच्या शुक्रवारी जास्त. एकदा तो पाठीवर पडून थेट जाळीपर्यंत घसरत गेला आणि खांदा धरून बसला.

त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर? हा विचार मी केला होता. करूनही घरी आल्यावर दगड हातात घेतला होता.

ऋचा लिफ्टमध्ये म्हणाली, "मॉम, डॅड इज स्केअर्ड नाऊ. यू कॅन सी इट." मला आधीच दिसलं होतं. तो झुकेनासा झाला होता. आणि झुकला नाही की कड कितीही धारदार असो, धरत नाही — म्हणजे पुढे पुढे मला काही करावंही लागलं नाही. आपला पायच आपल्याला फसवतो असं एकदा त्याच्या मनात बसलं, की उरलेलं काम त्याने स्वतःच केलं.

त्या उन्हाळ्यात त्याने बोर्ड मला दिला. उताराच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून, स्क्रू सैल करून, बूट अडकवायच्या पट्ट्यांचे कोन माझ्या पावलांना जुळवून दिले. "तुझाच आहे आता," म्हणाला. "माझ्याच्याने नाही होत." त्यात कडवटपणा नव्हता. खरंच नव्हता. मी आदल्या संध्याकाळी खरी धार लावून ठेवली होती — कारण मला ठाऊक होतं, तो देणार. मी वर गेले आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली वळणं घेत खाली आले. तो खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. मजा आली का? आली. फार आली. पुढची तीन वर्षं दर शुक्रवारी आली, आणि ती मी परत द्यायला तयार नाही.

इथवर मी छाती पुढे काढून सांगू शकते. यापुढचं तसं नाही.

सुधीर बीमवर चढेनासा झाला. सुरुवातीला मला कळलंही नाही. त्याच्या फोरमनच्या बायकोकडून कळलं — साहेब हल्ली खालूनच बघतात. मग तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तोल तपासून आला. सगळं नॉर्मल. त्याने अर्थ काढला की डॉक्टरांना सापडलं नाही, म्हणजे काहीतरी मोठंच आहे. आणि नेमकं तेव्हाच कंपनीने त्याला दुबईत बोलावलं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका उंच इमारतीचं काम होतं, साइटचा मुख्य म्हणून. त्याने आयुष्यभर हेच मागितलं होतं.

शुक्रवारची दुपार होती. जेवणं झाली होती, ऋचा आत टीव्ही बघत होती. सुधीर टेबलावर कोपरं टेकून बसला आणि त्याने मला सरळ विचारलं.

"शुभा, तू मला उतारावर इतकी वर्षं बघतेस. खरं सांग. माझा तोल गेलाय का?"

एवढंच. यापेक्षा मोठी संधी माणसाला मिळते का? मी म्हणू शकले असते, धार मी घालवत होते, तुमचं काही गेलेलं नाही. तो चिडला असता, बोलला नसता, कदाचित महिनाभर तोंड बघितलं नसतं. आणि मग तो त्या टॉवरवर चढला असता. निदान इतकं तरी म्हणता आलं असतं — नाही हो, तुम्ही घ्या ती साइट. खरं लपवूनही त्याला वाचवता आलं असतं! पण तो परत वर चढू लागला असता तर परत बोर्डावरही आला असता. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. गोंधळ नव्हता, भीती नव्हती.

मी म्हणाले, "वय होतंच हो. आता जपायला हवं."

त्याने मान हलवली. ताटं उचलायला मला मदत केली. रविवारी कंपनीला नाही म्हणून सांगितलं आणि एस्टिमेशनचं, म्हणजे बसून खर्चाचे अंदाज काढायचं टेबल मागून घेतलं. निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर बसला. ती इमारत दुसऱ्याने उभी केली. दुबईला जाताना ती दिसायची. गाडी चालवताना सुधीर तिच्याकडे बघायचा नाही, आणि तो बघत नाही हे मी बघायचे.

आता आम्ही पुण्यात आहोत. दिवा बदलायला स्टुलावर मी चढते. कुणी विचारलं तर तो हसून सांगतो, माझा तोल दुबईतच गेला, बर्फावर. लोकही हसतात. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नात कार्यालयाच्या पायऱ्यांवर तो थांबला. चार-पाचच पायऱ्या होत्या, रुंद, फरशीच्या. त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी तो धरला, आणि आम्ही सावकाश खाली उतरलो.