ग्रहणात मोडलेली चिंच

माझं लग्न माझ्या बारशालाच ठरलं. आत्या आली, पाळण्यात वाकून बघितलं, माझ्या पायात काळे मणी बांधले आणि माझ्या वडिलांना म्हणाली, ही माझी सून. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. बहिणीला नाही म्हणायची आमच्यात रीतच नव्हती. मोठी झाले तशी मी मिरवायला लागले. बाकीच्या पोरी लग्नाचं नाव काढलं की रडायच्या, आणि ही शहाणी मनात म्हणायची, मला कशाला रडायचं? नेकनूरच्या अलीकडं माहेर, पलीकडं सासर. सासू म्हणजे आत्या, आमटीची चवसुद्धा तीच. नवरा लहानपणापासून भांडून पारखलेला. फक्त त्याला 'अहो' म्हणायची वेळ आली की मला हसू फुटायचं, आणि आत्या पदर दातात धरून तिकडं तोंड करायची.

पहिल्या खेपेला दिवस भरत आले असताना ग्रहण लागलं. आत्यानं बजावलं, काही चिरायचं न्हाई, मोडायचं न्हाई, सरळ पडून ऱ्हायचं. मी पडले. पण उशाखाली गाभुळलेली चिंच होती, तिचं काय करणार? हळूच मोडली. कट्‌ असा आवाज झाला आणि दारात आत्या.

पोरगा झाला. गोरा, गुटगुटीत, शांत. शेजारणी म्हणाल्या, लई गुणाचं हाय, रडतच न्हाई. मी फुगले. मग मान धरायला उशीर, बसायला उशीर, आणि बोलणं तर चार शब्दांपुढं कधी गेलंच नाही. तेव्हा आत्यानं ती चिंच काढली. मी मान हलवली आणि तेव्हापासून आमटीत चिंच घालायची सोडली. घरच्यांनी वर्षानुवर्षं सपक आमटी खाल्ली, पण बाईसाहेबांचं प्रायश्चित्त चाललेलं. लेकीच्या वेळी ग्रहणाला फळीसारखी ताठ पडून राहिले, पाण्याचा घोटही नाही. संध्याकाळी कळलं, ग्रहण उद्या आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. लेक धडधाकट झाली, तिच्या पाठचा मुलगाही. म्हणजे माझा उपाय लागू पडला, अशी माझी खात्री.

थोरल्याला चाळिशी उलटल्यावर फिट यायला लागल्या. बीडला नेलं. धाकट्याची पोरगी, माझी नात, तेव्हा नर्सिंग शिकत होती. तिनंच डॉक्टरीणबाईंच्या मागं लागून त्याचं रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. उत्तर यायच्या आधी तो गेला. त्याच्या दुखण्याचं नाव आलं, तेव्हा ते ज्याचं होतं तोच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. अंग आणि मेंदू घडवायच्या सूचना प्रत्येकाजवळ दोन-दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मी ते माझ्या परीनं समजून घेतलं: घरात दोन कंदील. एक विझला तरी दुसऱ्यावर भागतं, कुणाला कळतही नाही. माझा एक विझलेला, नवऱ्याचाही नेमका तोच. आम्हाला दोघांना तो एकाच आजी-आजोबांकडून आलेला. प्रत्येक खेपेला चारात एकदा असं, की पोराच्या वाट्याला दोन्ही विझलेलेच येतील. थोरल्याच्या वाट्याला आले.

मी विचारलं, आणि चिंच? नात खाली बघून हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चिंचेचा काही संबंध नाही.

तसंच उठून आत्याला सांगावंसं वाटलं. पण आत्या कधीच गेलेली, मागोमाग तिचा लेकही. जन्मभराचा ठपका पुसला गेला आणि ऐकायला समोर कुणी नाही.

पुढं घोळ वेगळाच. माझ्या लेकीचा पोरगा आणि ही नात, यांचं जमवायचं असं घरात सगळ्यांनी धरलेलं. दोघांचंही एकमेकांवर मन. साखरपुड्याची बोलणी निघाली तशी नात अडून बसली: आधी दोघांचं रक्त तपासायचं, काकांच्या दुखण्याचं आमच्यात काय आलंय ते बघायचं, मग बोलायचं. लेकीला राग आला. ती मला म्हणाली, "आई, माझ्या पोरात खोट काढती का ही?" मी म्हणाले, खोट माझ्यात हाय, माझी काढ.

रक्त दिलं. निकाल येईपर्यंत लेकीचा फोन बंद आणि नातीचं जेवण अर्धं. शेवटी निकाल आला. पोराचा एक कंदील विझलेला, पोरीचे दोन्ही पेटते. या दुखण्यापुरतं भ्यायचं कारण नाही, खुशाल लग्न करा, असं बाईंनी सांगितलं. घरात पेढे आले. लेक फोनवर रडत-हसत म्हणाली, "सुटलो बाई. आता तसलं न्हाई व्हायचं."

मीही म्हणाले, सुटलो. आणि गोठ्याकडं निघून गेले.

तसलं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. संध्याकाळी शेरडं आली की तसला दारात उभा राहायचा आणि एकेकीच्या कपाळाला हात लावून आत सोडायचा. त्याला मोजता येत नव्हतं, पण एखादी मागं राहिली तर दारातून हलायचा नाही. मी बाजाराला निघाले की माझ्या चपलांवर बसायचा. सीताफळं पिकायला धान्यात घातली की कणगीशेजारी बसून राहायचा, आणि पहिलं मऊ लागलेलं माझ्या मांडीत आणून टाकायचा. मला 'बया' म्हणायचा. त्या चार शब्दांतला एक माझा होता. आता तसली हाक मला कुणी मारत नाही.

नात मागं आली. दावं गुंडाळत थोडी उभी राहिली, मग म्हणाली, "आजी, तुला आधी कळलं असतं तर?"

मी म्हणाले, "तर तुझ्या आजोबाला न्हाई म्हणले असते, चौसाळ्याचा दुकानदार केला असता आणि गल्ल्यावर बसले असते जाड होऊन."

ती हसली नाही. मग मलाही धड उत्तर द्यावं लागलं.

"तू तपासलंस ते लई बरं केलंस. तुला सगळं सोपं जावं. पण मला इचारशील तर मला तोच पायजे. दुसरा कुणी नको."

तिनं दावं खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, साखरपुड्याला आजोबांच्या शेजारी काकांचा फोटो मांडू. त्याचा एकच फोटो आहे, तोही पाठीमागून माझ्या धाकट्यानं काढलेला. त्यात त्याचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही, करडाकडं वाकलाय.

मी म्हणाले, मांड.