आधी हसून दाखव

"आधी हासून दाखव. गळा हासला का मग बांधू."

नवरदेवाच्या मागे उभं राहून, त्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालून काका हे म्हणायचे. बोटं सहज फिरली, तरच टायला हात लावायचे. वसमतला ज्या मुलांची संध्याकाळची रिसेप्शनं झाली, त्यातल्या बऱ्याच जणांना ही दोन बोटं आठवत असतील. तुमच्यापैकी कोणी त्यांत असेल, तर हे वाचताना हात आपोआप कॉलरकडे गेला असेल.

काका आमच्या गल्लीतले. औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून माझ्या मेडिकलवरही यायचे. जवळा बाजार, औंढा, गोरेगाव, सेनगाव असा त्यांचा फिरतीचा भाग. मे महिन्यात एसटीतून माणसं शर्टाच्या गुंड्या सोडून, रुमालानं वारा घेत उतरायची. काका जड बॅग घेऊन उतरायचे आणि टाय जागेवर असायचा.

मी एकदा म्हणालो, "काका, त्रेचाळीस डिग्री आहे. डॉक्टर काही टाय बघून औषध लिहीत नाहीत."

"डॉक्टरसाठी काहून घालू? बस फेल झाली, दिवसभर तकलीफ झाली, का खाली बघतो. हा दिसला का ध्यानात येते, आपण घरी न्हाई, कामावर आहोत."

गावात रोज टाय घालणारा हा एकच माणूस. त्यामुळे मुलीकडून सूट आला की मुलाचा बाप तो घेऊन आधी त्यांच्याकडे जायचा. काका कोट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. साधा सूट असेल तर लांब टाय, तोही शर्टापेक्षा गडद. काळा कोट आणि त्याची कॉलर सॅटिनची, चकाकणारी असेल तर काळा बो. जोधपुरी असेल तर काहीच नाही. "तिथं गळा आधीच बंद केला शिंप्यानं. वरून अजून काय बांधता?"

गाठ आधीच मारलेला तयार टाय ते चालवून घ्यायचे, रबराचा बो मात्र नाही. त्याला कारण होतं. कंपनीच्या समारंभात, मोठ्या हॉटेलात, त्यांना बक्षीस मिळालं होतं. ते घेऊन टेबलावर येऊन बसले आणि वाकले, तर रबर तुटून बो सूपमध्ये. हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की चष्मा काढून पुसावा लागायचा. "साहेब म्हणले, काढा तो, भिजून राहिला. मी म्हणलं, राहू द्या, त्याला बी भूक लागली असंल." त्यानंतर त्यांनी हातानं बांधायचा काळा रेशमी बो आणला आणि आरशापुढे बसून शिकले.

माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नात नांदेडहून मुलीकडून त्याच्यासाठी सॅटिन कॉलरचा काळा कोट आला, सोबत लाल रबरी बो. पण निखिलची काळजी कोटाची नव्हती. तो लहानपणापासून बोलताना अडखळतो, आणि 'प' आला की गळाच धरला जातो. मुलीचं नाव पल्लवी. रिसेप्शनला स्टेजवर, माईकवरून, दोघांनी एकमेकांची नावं घ्यायची असं मुलीच्या बहिणींनी ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या आठवड्यात पोरगं जेवायचं कमी झालं. आईला एकदाच म्हणाला, "हसतील लोक. तिलाही हसतील."

बायकोनं हे काकांच्या कानावर घातलं. रिसेप्शनच्या दुपारी ते मंगल कार्यालयात आले, निखिलच्या कॉलरमध्ये बोटं घातली आणि माझ्याकडे वळले.

"कितीचा शर्ट हाय?"

"पंधराचा. मी स्वतः टेपनं मोजलंय. गळा बरोबर पंधरा इंच."

"मोजलं तवा पोरगं गप व्हतं. बोलताना गळा फुगते. साडेपंधराचा आणा."

मी आकड्यांवर वाद घालणारा माणूस आहे. पण त्या दिवशी मी सरळ बाजारात जाऊन साडेपंधराचा शर्ट आणला.

दिवेलागणीला काका आपला काळा रेशमी बो घेऊन निखिलच्या मागे उभे राहिले. ते नेहमी मागूनच बांधायचे. समोरून हात उलटे पडतात म्हणायचे. दोन्ही हात मुलाच्या खांद्यांवरून पुढे, हनुवटी त्याच्या कानाशी, नजर आरशात. आमच्याकडे बाप लग्नात मुलाला मिठी मारत नाही. आहेराची पिशवी सांभाळतो, जेवणाच्या पंगतीकडे बघतो. त्या दिवशी मुलाला कोणी कवेत घेत असेल तर ते टायवाले काका. निखिलचे ताठ झालेले खांदे हळूहळू खाली आलेले मला आरशात दिसले.

माझा थोरला भाऊ दारातून डोकावला. "अरे, हा वाढप्या दिसून राहिला की! लांब टाय बांधा."

"दादा, वाढप्याचा रबराचा ऱ्हाते. हा बांधलेला हाय. तुमी भाताकडं बघा," काका म्हणाले. मग निखिलला, "हासून दाखव."

तो हसला.

"आता तिचं नाव घे."

"प... प..."

काकांनी घाई केली नाही. गाठ जराशी सैल केली. "अडकलास तर अडक. दोन बोटं अशी घाल, श्वास घे, मंग बोल. लोकायला वाटंल बो नीट करून राहिला. त्याच्यासाठीच तर बो असते."

स्टेजवर माईक आला. निखिल अडकला. पुढच्या रांगेतली मुलं खुसखुसली. पल्लवी खाली बघत होती. मी हॉलच्या मागच्या टोकाला पाहिलं. काका खुर्चीच्या मागे उभे होते आणि त्यांची दोन बोटं स्वतःच्या कॉलरमध्ये होती. निखिलनं बोटं घातली, श्वास घेतला, आणि तिचं नाव घेतलं. पूर्ण, एका दमात. पल्लवीनं मान वर केली. सगळ्यात आधी टाळ्या तिनंच वाजवल्या.

बो तिरका झाला होता. फोटोग्राफर सरळ करायला निघाला, तर काकांनी त्याला खालूनच हात केला. "राहू दे. माणसाच्या हातचा हाय." तो फोटो आमच्या बैठकीत तिरक्या बो-सकट लावलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी चहा पिताना काका गेले. निखिल आणि पल्लवी सुट्टीला घरी आलेले होते. आंघोळ घालून पांढरा शर्ट चढवला आणि काकू आतून त्यांचा रोजचा निळा टाय घेऊन आल्या.

"आता काय टाय, वहिनी?" त्यांचे एक भाऊबंद म्हणाले. "देवाघरी जाऊन राहिला माणूस."

"टायबिगर मी त्यायला कधी दारातून जाऊ देलं न्हाई. आज काहून देऊ?"

कोणी पुढे होईना. बांधता येणारा माणूस तर खाली निजलेला होता. निखिल पुढे झाला. समोर बसून दोनदा प्रयत्न केला, हात उलटे पडत होते. मग तो उठून त्यांच्या उशाशी गेला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि दोन्ही हात खांद्यांवरून पुढे नेले. गाठ थोडी तिरकी बसली. ती त्यानं तशीच ठेवली. मग कॉलरमध्ये दोन बोटं घालून फिरवून पाहिली.

"सैल हाय ना रे?" काकूंनी विचारलं. "त्यायला आवळलेलं आवडत न्हाई."

"स... सैल आहे, काकू," निखिल म्हणाला. बोटं त्यानं लगेच काढली नाहीत.