दुखवट्याची भिंत

इस्पेरांसबाय आणि तिची धाकटी बहीण फेलिसिदाद आमच्या फोंतेन्यासच्या गल्लीत लग्नाचे झगे शिवायच्या. इस्पेरांसबाय कापड कापायची, फेलिसिदाद मणी टाकायची. पणजीतल्या किती नवऱ्या त्यांच्या हातचा झगा घालून इगर्जीत आल्तारापुढे उभ्या राहिल्या, ते देवालाच ठाऊक. दोघींनी स्वतः मात्र लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. फेलिसिदाद मणी ओवता ओवता म्हणाली, "झगा उलटा करून आतली शिवण बघितली ना गो, की घालावासा वाटत नाही."

ही फेलिसिदाद गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला पोटाच्या दुखण्याने गेली.

पाऊस सरला की आमच्याकडे घरं रंगवतात, पिवळी, निळी, तांबडी. पण ज्या घरातलं माणूस गेलं, ते घर वर्षभर रंगत नाही. नाताळात त्या घरावर दिव्याचं कागदी नखेत्र टांगत नाहीत, चुलीवर गोडाचं काही चढत नाही. नेवऱ्या आणि दोदोल आम्ही शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. काळी पडलेली भिंत दिसली की पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा त्या दारात भोंपू हळू वाजवतो. इस्पेरांसबायची भिंतही तशीच राहिली. शेवाळ वाळून काळं झालं, खिडकीखाली पोपडे सुटले. तिने त्याला हात लावला नाही.

पण हे कळणारी माणसं गल्लीत आता राहिली किती? आमच्यापेक्षा बघायला येणारेच जास्त. सकाळी दार उघडावं तर पायरीवर कुणीतरी पाय पसरून बसलेलं असतं आणि "एक मिनिट हं" म्हणून मलाच आत थांबायला सांगतं. माझ्या तुळशीत कॉफीचे कागदी पेले सापडतात. एकदा तर मी देवापुढे दिवा लावत होते आणि एका बाईने बाहेरून खिडकीचा पडदा सारून त्याचा फोटो काढला. वर माझ्याकडे बघून गोड हसलीही. त्या दिवशी मला सुचेल ते स्तोत्र मी मोठ्याने म्हणत राहिले, तोंडात दुसरे शब्द येऊ नयेत म्हणून.

नाताळ उलटल्यावर एक नवीनच सुरू झालं. घोळके इस्पेरांसबायच्या दारापाशी आले की आवाज खाली करायचे. खिडकीतून आत डोकावायचे. आत मापासाठी ठेवलेली, अर्धवट झगा घातलेली लाकडी बाई उभी असायची, ती दिसली की एकमेकांना चिमटे काढायचे. कुणी पायरीवर फूल ठेवून जायचं. एका मुलीने इस्पेरांसबायला सरळ विचारलं, "तुम्ही तिला कधी पाहिलंत का हो?" कुणाला, म्हणताच ती खिदळत पळाली.

इस्पेरांसबाय घाबरली. भुताला घाबरणारी ती बाई नव्हे. आपल्या घराविषयी लोक काय बोलतात ह्याला घाबरली. घोळके आणणाऱ्या ऋत्विक नावाच्या माणसाला तिने विचारलं तर त्याने हात जोडले, इतिहास सांगतो म्हणाला, आणि सटकला. मग ती माझ्याकडे आली. "वर्षाच्या प्रार्थनेची मीस जवळ आली रतन," ती म्हणाली. "फेलिसिदादचं नाव इगर्जीत पुकारतील. त्याआधी मला कळायला हवं, हा माझ्या दारात काय ओकतो ते."

तर आम्ही दोघी आमचीच गल्ली बघायला पर्यटक होऊन गेलो.

तिने गवताची रुंद टोपी घातली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावला. मी सुनेचा पंजाबी ड्रेस चढवला. भीती होती, आपण ओळखू येऊ. काही नाही. रोज आमच्या दारावरून जाणाऱ्या त्या माणसाने आम्हाला ओळखलं नाही. त्याने आजवर आमच्या भिंतीच बघितल्या होत्या.

त्याने विहीर दाखवली, बेकरी दाखवली. माझ्या घरापुढे उभं राहून इथली माणसं अजून किती साधी जगतात हे सांगितलं, आणि दोरीवरच्या माझ्या ओल्या लुगड्याचा फोटो माझ्याच खांद्यावरून काढला गेला. घोळक्यातला एक बाप्या विचारत होता की ही माणसं खरंच इथे राहतात की दाखवण्यापुरती ठेवली आहेत.

मग इस्पेरांसबायचं दार आलं. ऋत्विकने आवाज खाली केला. बघा, तो म्हणाला, सगळी गल्ली रंगलेली आणि हे एकच घर काळं. इथे फेलिसिदाद नावाची एक सुंदर नवरी राहायची. तिचं एका पोर्तुगीज शिपायाशी होतं. लग्नाचा झगा शिवून तयार, आणि तो तिला पोटुशी टाकून बोटीने निघून गेला. ती झग्यातच मेली. तेव्हापासून ह्या भिंतीवर रंग टिकत नाही. खिडकीत बघा, झगा अजून आहे.

कुणीतरी "अरेरे" म्हटलं, अगदी चव घेत.

इस्पेरांसबायने चष्मा काढला. "ती माझी बहीण होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोर्तुगीज गेले तेव्हा ती परकरात होती, शिपाई कसला? सत्तरीला आली होती. पोटात गाठ झाली आणि गेली. माझ्या ताटातला बांगडा उचलून खायची. भिंत आम्ही दुखवट्यासाठी ठेवलीय. तुमच्यात कोण मेलं तर तुम्ही काय करता?"

सगळ्यांचे फोन खाली आले. मला वाटलं, लाजले. मग एकाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. बायका तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या आणि फोटो काढून घेतले. किती सुंदर नाटक, म्हणाल्या. ऋत्विकही हसत होता, पण नजर घाबरलेली. गर्दी पांगल्यावर त्याने पुटपुटत सांगून टाकलं, ही गोष्ट त्याची नव्हे, समोरच्या आग्नेलने दिली.

आग्नेलने समोरचं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढलंय. फेलिसिदादच्या शवपेटीचा एक कोपरा त्याच्या खांद्यावर होता. आम्ही गेलो तेव्हा तो पाहुण्यांच्या नाश्त्याला पपई चिरत होता. सुरी थांबवली नाही. म्हणाला, अगो बाय, लोकांना थोडं प्रेम लागतं, थोडी भीती लागते. फेलिसिदाद हसरी होती, वरून हसतच असेल.

"तिला खांदा दिलास आग्नेल," इस्पेरांसबाय म्हणाली. "आता विकतोस तरी नाव बदलून विक."

दुसऱ्या दिवसापासून गोष्ट वाढली. आता नवरीची वेडी बहीण टोपी घालून घोळक्यात मिसळते, तुमच्या शेजारीही असेल, असं ऋत्विक सांगायला लागला. लोक एकमेकांच्या टोप्या उचलून बघत आणि हसत. इस्पेरांसबाय खिडकी लावून आत बसायची.

दोन-तीन दिवसांनी तिने रंगाऱ्याला बोलावलं. बेर्नार्द जुना माणूस, भिंत बघून डबा खालीच ठेवला. वर्ष व्हायचंय ना बाय, म्हणाला. मीही म्हटलं, पंधरवड्याचा तर प्रश्न आहे, कळ काढ.

"भिंत काळी आहे तोवर ते तिला पोटुशी करतायत," ती म्हणाली. "दुखवटा मी आत धरीन. तू रंग लाव."

झगा घातलेली लाकडी बाई आम्ही दोघींनी उचलून मागच्या खोलीत नेली. बेर्नार्दने पोपडे खरवडले, पिवळा फासला. आग्नेल समोरून बघत होता. आता गल्ली शोभते, असं त्याने मला ऐकवलं. मी त्याच्या दारात थुंकले नाही एवढंच. टेकडीवरच्या मारुतीला जायची वाट तिथूनच जाते आणि मी निघाले होते पूजेला.

संध्याकाळी मी इस्पेरांसबायकडे होते तेव्हा घोळका आला. पावलं दारापाशी मंदावली. एका बाईने विचारलं, ते नवरीचं घर कुठलं? ऋत्विकने बहुतेक भिंतीकडे बघितलं असावं, कारण जरा वेळ लागला.

"इथे काही नाही," तो म्हणाला. "पुढे चला."

इस्पेरांसबायने कपाळापासून छातीपर्यंत खुरीस काढला. मग डोळ्यांना लावायला पदर नव्हता म्हणून मांडीवरच्या, झग्यासाठी कापलेल्या पांढऱ्या कापडाने तोंड पुसलं, आणि त्यावर डाग पडला म्हणून स्वतःलाच शिव्या देत उठली.