भाषणातली गाईडबाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्याच्यासोबत चहा पितो त्या मित्रालाही नाही. सांगायचं म्हणून दोनदा त्याच्यासमोर बसलो आणि दोन्ही वेळा क्रिकेटवर बोलून उठलो. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं.

मी ताडोबाच्या जंगलाजवळ एका रिसॉर्टचा मॅनेजर आहे. माणूस म्हणून बरा आहे म्हणतात. कामावरच्या सगळ्यांना नावानं हाक मारतो, त्यांच्या घरच्या लग्नांना जातो. माझं एक भाषणही आहे – हो, भाषण! 'कर्मचाऱ्याला अधिकार द्या, तो काम आपलं समजून करेल.' हॉटेलवाल्यांच्या प्रशिक्षणाला मला चंद्रपूर-नागपूरला बोलावतात. त्यात एका गाईडबाईची गोष्ट येते. पण आधी वंदनाबाईंचं सांगतो – नाहीतर पुन्हा क्रिकेटवर जाईन.

वंदनाबाई आमच्या सफारीच्या गाडीवर गाईड होत्या. जंगलाला लागून असलेल्या गावातल्या, लहानपणापासून तेंदूपत्ता तोडलेल्या. वानर उगाच ओरडतंय की खरंच काही दिसलंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. गाईडचा खाकी ड्रेस मिळाला त्या दिवशी तो न बदलता तशाच गावातून चालत घरी गेल्या. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, खोटं नाही सांगत.

एका सीझनच्या आधी मी सगळ्यांची मीटिंग घेतली. म्हणालो, जंगलात गाडी कुठे थांबवायची, कधी मागे घ्यायची, हे गाईड ठरवेल. पाहुणा कितीही मोठा असो. तुमच्यामागे मी उभा आहे. हे मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. आणि वंदनाबाईंनी ते खरं मानलं.

एका सकाळी रस्त्याच्या कडेला वाघीण बसलेली. पलीकडे बांबूत तिचे बछडे. मध्ये सफारीच्या सात-आठ जिप्सी गाड्या, एकमेकींना चिकटून. वाघीण उठायची, दोन पावलं यायची, परत बसायची. लोक फोटो काढण्यात दंग. तिला पोरांकडे जायचंय, हे फक्त वंदनाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली, हात करून मागच्या गाड्याही हटवल्या. वाट झाली, वाघीण रस्ता ओलांडून गेली. आमच्या गाडीतल्या पाहुण्याच्या कॅमेऱ्यात मात्र नुसती धूळ आली. आणि तो पाहुणा म्हणजे दर सीझनला आमच्याकडे बसच्या बस भरून माणसं पाठवणारा ट्रॅव्हल एजंट.

तो माझ्या केबिनमध्ये येऊन ओरडला. मी बाईंना बोलावून घेतलं. आणि त्याच्यासमोर मी त्यांना विचारलं, "हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

कुणी दिला होता? 'तुम्हीच' एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"माह्यी चूक झाली साहेब," त्या म्हणाल्या.

वाचवलं त्यांनी मला. आणि मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. सुटलो, असं वाटलं.

एजंट गेल्यावर तरी बोलायचं ना? केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, थोडे दिवस लाँड्रीत काम करा, मग बघू. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाकी ड्रेस धुऊन, इस्त्री करून आणून दिला आणि मी तो ठेवूनही घेतला. पुढची दोन वर्षं सीझन सुरू होताना त्या विचारायच्या, "यंदा पाठवता का जी मले जंगलात?" मग त्यांनी विचारणं सोडलं. अजून त्या चादरींच्या घड्या घालतात.

एवढ्यावर थांबलो असतो तर मला नुसता भित्रा म्हणता आलं असतं. पण पहिल्या भाषणाच्या वेळी उदाहरण सुचेना, आणि तोंडून तीच सकाळ निघाली. तीच वाघीण, तीच धूळ, तोच एजंट. फक्त माझ्या गोष्टीतला मॅनेजर उठून उभा राहतो आणि म्हणतो, माझी गाईड बरोबर आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळेपासून त्या वाक्याआधी किती थांबायचं, तेही मला जमू लागलं.

गेल्या हिवाळ्यात हे प्रशिक्षण आमच्याच रिसॉर्टवर ठेवलं. मालकांनी सगळ्या स्टाफला मागच्या खुर्च्यांवर बसवलं. वंदनाबाई आहेत हे लक्षात नव्हतं, असं म्हणायची फार इच्छा होते. पण मी त्यांना पाहिलं होतं. गोष्ट गाळता आली असती. बाहेरून आलेले लोक तीच ऐकायला थांबले होते – मी सांगितली. सगळी. जिथे थांबायचं तिथे थांबलोसुद्धा. टाळ्या पडल्या. वंदनाबाईंनीही वाजवल्या.

मंडळी जेवायला निघाली तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. आवाजात टोमणा नव्हता. असलाच तर मला कळला नाही.

"बरं झालं जी साहेब," त्या म्हणाल्या, "त्या गोष्टीतल्या बाईचं काम तरी टिकलं."

मी म्हणालो, "हो."